उत्तरेश्वराच्या पोटावरचं कडं

इंजनाने माणूस गिळला अशी बातमी युसूफ वडगावात पसरली, ती पुरती खरी नव्हती. इंजनाने माणसाचं नुसतं पोट गिळलं होतं. बाकीचा माणूस बाहेरच होता, शुद्धीवर होता आणि कोणी हात लावू नये म्हणून सगळ्यांना बजावत होता.

हा माणूस म्हणजे उत्तरेश्वर, बाजारातला मापाडी. निजामाचा अंमल होता, मोठ्या तापाची साथ होऊन दोन-तीन उन्हाळे गेले असतील. सुंदरराव देशमुखांनी पिठाच्या गिरणीसाठी घासलेटवर चालणारं इंजन आणलं होतं. त्याचं नळकांडं उभं, माणसाच्या गळ्याला लागेल एवढं, आणि बाजूला चार बैलांनी ओढावं असं बिडाचं चाक. चाक फिरलं की नळकांड्यात दट्ट्या खाली-वर होई. त्या दुपारी नळकांड्याची लोखंडी टोपी काढून भिंतीशी ठेवलेली होती, आणि त्या उघड्या तोंडावर उत्तरेश्वर पालथा पडला होता. पाय एकीकडे लोंबत होते, डोकं दुसरीकडे. मधलं पोट, जे बाजारात त्याच्या आधी पाच पावलं पोचायचं, ते आत गेलेलं होतं.

डोकं खाली असल्यामुळे त्याला माणसं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. करकरणारे चढाव सुंदररावांचे. अनवाणी, टाचा फुटलेले पाय सिदूचे. हा चाक फिरवायला ठेवलेला गडी. आणि दाराशी, सावली धरून बसलेल्या माणसाचे लाल जोडे. ते जोडे मघापासून हललेच नव्हते. उत्तरेश्वराला खरी भीती इंजनाची नव्हती, त्या लाल जोड्यांची होती. ती का, हे कळायला सकाळपासून सांगावं लागेल.

घाटनांदूरच्या मोहनरावांनीही तसलंच इंजन आणलं होतं. तहसीलदारसाहेबांनी निरोप धाडला होता, की दोन्ही गावांना यायला सवड नाही. ज्याचं इंजन मोठं, त्याच्या गिरणीचा नारळ आपण फोडू. आता इंजन मोठं म्हणजे काय? उंचीने ठरवावं म्हटलं, तर घाटनांदूरकरांनी आपलं इंजन ओट्यावर नेऊन बसवलं. वजनाने ठरवावं, तर एवढा तराजू उभ्या तालुक्यात नव्हता. शेवटी इंजन बसवून गेलेल्या मिस्त्रीचं बोलणं आठवलं. तो म्हणाला होता, इंजनाचा मोठेपणा त्याच्या पोटात असतो. दट्ट्या एका फेऱ्यात जेवढी जागा ढकलतो, तेवढं इंजन. एवढं बोलून मिस्त्री बार्शीला निघून गेला. पोट मोजायचं कसं, हे त्याला कोणी विचारलं नाही. पोट म्हटल्यावर त्यात काहीतरी ओतून मोजायचं, हे विचारायची गोष्ट थोडीच आहे?

घाटनांदूरच्या मापाड्याने घासलेट ओतून पाहिलं आणि पंचवीस शेर सांगितले. तो आकडा घेऊन मोहनरावांचा कारभारी बिभीषण वडगावला आला आणि इथलं माप डोळ्यांदेखत व्हावं म्हणून दाराशी बसला. लाल जोडे ते त्याचे.

उत्तरेश्वराने अंग उघडं केलं, कासोटा आवळला, आजोबापासून चालत आलेला पितळी शेर कपाळाला लावला आणि घडवंचीवर चढला. सिदूने चाकाच्या भोकात पहार घालून दट्ट्या तळाला नेला. पहिला शेर पडला, तो रिवाजाप्रमाणे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून मोजला. मग दोन, मग तीन. घासलेटाला शीग लागत नाही, काठावर ढीग चढत नाही, याचं उत्तरेश्वराला जरा वाईट वाटलं. जोंधळ्याच्या मापावर शीग चढवायची त्याची ख्याती होती. पण पाचव्या शेराला त्याने आत डोकावलं आणि शीग-बीग सगळं विसरला.

नळकांड्याच्या तळाशी, दट्ट्याच्या अगदी डोक्याला लागून, समोरासमोर दोन चौकोनी भोकं होती. एका भोकातून घासलेट खालच्या बंद पेटीत जात होतं, दुसऱ्यातून धुराच्या नळाने भिंतीमागच्या खड्ड्यात. नळकांड्यात एक वाटीभरसुद्धा ठरलं नव्हतं.

हे त्या वेळीच सांगायला हवं होतं. पण खाली उभं असलेलं गाव त्याच्याबरोबर मोठ्याने मोजत होतं, आणि घडवंचीवर चढलेला तो एकटाच असल्याने आतलं दुसऱ्या कोणाला दिसत नव्हतं. मापाड्याने मोजता मोजता थांबणं म्हणजे कीर्तनकाराने अभंग विसरणं. तो ओतत राहिला. वीस झाले तशी सुंदररावांची मान ताठ झाली. पंचवीस झाले तेव्हा गाव टाचा उंचावू लागलं. सव्विसावा शेर ओतून उत्तरेश्वराने हात वर केला आणि म्हणाला, काठोकाठ.

लगेच हलगी वाजली, दवंडी निघाली, माणसं दवंडीमागे गेली. सुंदररावांनी सिदूला दट्ट्या वर आणून ठेवायला सांगितलं. दट्ट्या वर आला, नळकांड्याचं तोंड बुजलं, भोकं दट्ट्याआड झाकली गेली. उत्तरेश्वराचा जीव भांड्यात पडला. पण त्याचा शेर राहिला होता इंजनाच्या पलीकडच्या कठड्यावर. वळसा घालून जायचा त्याला आला कंटाळा. घडवंचीवरूनच तो तोंडावर आडवा झाला आणि हात लांब केला. नेमका तेव्हाच सिदू घाम पुसायला चाकाला टेकला. चाक थोडं पुढे फिरलं, दट्ट्या चार अंगुळं खाली गेला, आणि घासलेटाने माखलेलं ते उघडं पोट त्याच्या मागोमाग आत गेलं. आवाज झाला तो चिखलातून म्हशीने पाय काढावा तसा, फक्त उलटा.

सिदूने घाबरून चाक मागे रेटलं. पण पहार निसटून चाक आणि चाकाखालच्या खड्ड्याची भिंत यांच्यात अशी बसली होती, की चाक मागे यायलाच तयार नाही. पुढे जाईल, मागे नाही. आणि पहार काढायची, तर आधी चाक पुढे घ्यायला हवं. पुढे म्हणजे दट्ट्या आणखी खाली.

आता कळलं ना, लाल जोड्यांची भीती कशाची ती?

पहिल्यांदा चौघांनी पाय धरून ओढला. उत्तरेश्वर लांब झाला, पण सुटला नाही. मग कोणी रिकाम्या जागी बोट घालायला गेला, तर रिकामी जागा कुठे होतीच नाही. तेलकट कातडी लोखंडाला अशी चिकटली होती की केस शिरला नसता. दोघंतिघं खांद्याला धरून वर उचलू लागले, तेव्हा तो कण्हून म्हणाला, की मला ठेवा, पोट तुम्ही घेऊन जा.

घटका गेली. पोट आत बधिर होऊ लागलं, वरचं अंग घासलेटाने चरचरू लागलं, डोक्यात रक्त उतरून कानात हलगी वाजू लागली. की ती गावातलीच हलगी होती? दवंडी अजून फिरत होती. सव्वीस, सव्वीस. प्रत्येक आळीत त्याचं खोटं नव्याने जन्माला येत होतं आणि तो इथे वितभर तोंडाच्या नळकांड्यावर कातडं ताणलेल्या संबळासारखा पडला होता.

सारजाबाई आली ती पावलांवरूनच कळली. ही त्याची बायको कितीही घाईत असली तरी डावा पाय जरा ओढून टाकायची. तिने नवऱ्याला दोन्ही बाजूंनी पाहून घेतलं.

"शेर आणायला वळसा घालवंना," ती म्हणाली. "आता घाला म्हणावं वळसा."

"सारजे, पाणी दे."

तिने मडक्यातलं पाणी ओंजळीने त्याच्या तोंडाला लावलं. उलट्या तोंडाने पिताना निम्मं पाणी नाकात गेलं. मग ती हात फिरवून नळकांड्याचा काठ चाचपू लागली.

"तुंबडी लागल्यावानी झालंय हे," ती म्हणाली. "माझ्या आईच्या गुडघ्याला वैदीण लावायची, तशी. ती ओढून निघत न्हाई. बोटानं कातडं जरासं दाबून वारा आत सोडला की आपसूक गळून पडती." आणि मग, सहज, दाराशी बसलेल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "ह्यात वारा शिरायला खालून कुठं भोक न्हाई का?"

लाल जोडे पहिल्यांदाच हलले.

भोकं होती. एक सोडून दोन होती. दट्ट्या तळाला गेला की ती उघडणार, आत वारा येणार आणि तुंबडी गळून पडणार. म्हणजे सुटायचा रस्ता एकच, आणखी आत जायचा. हे त्या सबंध गावात एकट्या उत्तरेश्वराला ठाऊक होतं. आणि हे तोंडाने म्हणावं, तर बिभीषण दुसऱ्याच श्वासाला विचारणार, की मापाडी, मग घासलेट ठरलं कुठं? सुंदररावांचं नाक, आजोबाचा पितळी शेर, बाजारातलं मानाचं माप, सगळं त्या दोन भोकांतून वाहून जाणार. पोट सोडवावं तर नाव अडकतं, नाव सांभाळावं तर पोट.

त्याने कारण न सांगता चाक पुढे फिरवायला सांगून पाहिलं. सिदू दोन पावलं मागे सरला. त्याचं म्हणणं, मी फिरवायचं आणि मापाडी आत गेले तर कोतवाल मला धरणार.

"फिरव बे," उत्तरेश्वर म्हणाला. "मी सांगतो न्हवं."

"तुमी आत्ता सांगताव. मागून कोण सांगायला येणार हाय?"

सुंदररावांनीही चाकाला हात लावायची बंदी केली. त्यांची चिंता वेगळी होती. साहेब उद्या येणार. साहेबांच्या हातून नारळ फुटायचा तो माणूस गुंतलेल्या इंजनावर कसा फुटणार? चढाव करकरत इकडून तिकडे, तिकडून इकडे होऊ लागले. अखेर ते थांबले आणि सुंदररावांना सुचलं. हे इंजन चालू करताना मिस्त्री टोपीला पंप मारायच्या दिव्याची आच द्यायचा, हे त्यांनी पाहिलं होतं. तापलं की लोखंड फुगतं. नळकांडं फुगलं की पोट सैल होईल.

"सिदू, दिवा पेटव," ते म्हणाले.

उत्तरेश्वराला आधी ते समजलंच नाही. मग दिव्याच्या पंपाचा फसफस आवाज कानावर आला आणि त्याला आठवलं, की आपण गळ्यापासून कंबरेपर्यंत घासलेटाने न्हालेले आहोत. सव्वीस शेरांचं घासलेट खालच्या पेटीत आणि मागच्या खड्ड्यात साठून बसलेलं आहे, हे तर त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. दिवा लागला असता तर युसूफ वडगावचा निम्मा भाग घाटनांदूरला जाऊन पडला असता, आणि मग कोणाचं इंजन मोठं हा वादच उरला नसता.

"सारजे," तो हळूच म्हणाला. "भाकरीचा तुकडा आण. जवळ ये."

ती तुकडा घेऊन वाकली. तोंडात घास घ्यायच्या निमित्ताने त्याने सगळं सांगून टाकलं. भोकं, पेटी, खड्डा, सव्वीस. घास तोंडात तसाच राहिला.

सारजाबाईने ऐकून घेतलं. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, पावलं दिसत होती. डाव्या पायाचा अंगठा जमीन कोरू लागला. हा अंगठा त्याच्या पुरता ओळखीचा होता.

"मंग खरं किती?" तिने विचारलं.

"मोजलंच न्हाई म्हणल्यावर कसं सांगू?"

"मापाडी म्हणवता कावून मग?"

ती उठली. सिदूच्या हातातला दिवा तिने काढून घेतला, बाहेर नेऊन धुळीत पुरला आणि पदर खोचून चाकापाशी उभी राहिली. सुंदरराव म्हणाले, बाई, बाजूला व्हा. ती झाली नाही.

"धनी माझा हाय," ती म्हणाली. "कुंकू जायचं ते माझं जाईल. पाप लागलंच तर ते बी मलाच लागू द्या. मात्र दिव्यानं जाळायला न्हाई देणार."

तिने चाकाच्या आऱ्याला खांदा लावला.

चाक हललं. उत्तरेश्वराने डोळे मिटले. पोट आणखी एक अंगुळ आत गेलं, मग आणखी एक. पोटाच्या मागोमाग बरगड्या जातील, बरगड्यांमागे सगळा मीच, असं त्याला वाटलं. पण सवय मेली तरी जात नाही. एकीकडे देवाचं नाव घेता घेता तो दुसरीकडे मनात मोजत होता: पाच, सहा, सात. दट्ट्या किती खाली उतरतोय हे त्या दिवशी त्याच्याइतकं नेमकं कोणाला कळत असेल? आठ. नऊ. पहार सुटून खणखणत चाकाखालच्या खड्ड्यात पडली. आता चाक मागेही आलं असतं. पण सारजाबाईला भोकांचं सांगितलेलं होतं, आणि ती एकदा लागली की मागे यायची बाई नव्हती. दहा. अकरा. बघणारे पुढे शपथेवर सांगत, की माणसाचे दोन्ही टोकांचे हात-पाय एकमेकांना भेटायला आले होते. बारा.

बाराव्या अंगुळाला खालून सुस्कारा निघाला. भोकं उघडली. मघाशी जो वारा बाहेर राहिला होता तो सगळा एकदम आत धावला, आणि उत्तरेश्वर बुचासारखा उडून सिदूच्या अंगावर पडला. सिदू तीन दिवस कण्हत होता, पण ते निराळं.

सगळे उत्तरेश्वराकडे धावले. एक माणूस धावला नाही. लाल जोडे घडवंचीवर चढले. बिभीषणाने सावकाश आत डोकावून पाहिलं, एका भोकाकडे, मग दुसऱ्याकडे.

"मापाडी," तो म्हणाला, "त्याल कशात ठरलं हो?"

मागच्या खड्ड्यात घासलेट ठिबकत होतं. सुंदररावांचे चढाव उत्तरेश्वराकडे वळले. तो जमिनीवर बसला होता, दोन्ही हातांनी पोट धरून. खोटं बोलायला जागा अजून होती. भोकं दट्ट्याने उघडतात-झाकतात, मघाशी झाकलेली होती, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण पोटाला त्या नळकांड्याची पुन्हा आठवण झाली. एकदा सुटलेल्या माणसाला परत अडकायची हौस राहत नाही.

"ठरलं न्हाई," तो म्हणाला. "सव्वीस खोटं हाय."

सुंदररावांनी त्याला काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते बोलत होते तोवर सारजाबाईने गिरणीतलंच पीठ घेऊन घट्ट कणीक मळली. झाकणाच्या फटी लिंपतात तशी तिने दोन्ही भोकं आतून लिंपली. मग उत्तरेश्वराने पुन्हा शेर उचलला. दट्ट्या तळाला असताना साडेतेरा शेर मावले. ते काढून, दट्ट्या वर आणून पुन्हा ओतले, तर काठाखाली अर्धा शेर मावला. हा अर्धा शेर दट्ट्या कधीच ढकलत नाही, तो तिथे पडून असतो. तो वजा करायचा. उरले तेरा. मिस्त्री म्हणाला होता ते ढकललेलं पोट हे. मावतं ते वेगळं, ढकलतं ते वेगळं. ही गोष्ट कळायला बाकीच्यांना वेळ लागला, उत्तरेश्वराला लागला नाही, कारण तो दोन्हींच्या मधे होऊन आला होता.

"तेरा," बिभीषण म्हणाला आणि हसला. जोडे झटकून तो निघाला. दारापर्यंत गेला आणि तिथे त्याचं हसू जिरलं. घाटनांदूरचं इंजनही त्याच कारखान्यातलं होतं. तिथेही पंचवीस शेर असेच ओतले होते, आणि तिथेही गिरणीमागे खड्डा होता. बिभीषणाने घोडीला अशी टाच मारली, की त्याचा एक लाल जोडा दारातच राहिला.

तहसीलदारसाहेब आलेच नाहीत. दोन्ही गावांत दिवसभर घासलेटाचा वास आहे असं कोणी त्यांच्या कानावर घातलं, आणि नारळ सुंदररावांनी आपल्याच हाताने फोडला.

उत्तरेश्वराच्या पोटावर मात्र कडं उमटलं. नळकांड्याच्या तोंडाचं, तंतोतंत गोल, बारा अंगुळं रुंद. ते तेलाने गेलं नाही, हळदीने गेलं नाही. काही महिन्यांनी मिस्त्री बार्शीहून परत आला, तेव्हा इंजन चालू होतं, टोपी काढायची सोय नव्हती. त्याला रुंदी हवी होती. उत्तरेश्वराला बोलावून त्याच्या पोटावरच त्याने फूटपट्टी धरली. मिस्त्रीची रीत अशी: रुंदीला रुंदीने गुणायचं, त्या चौकोनातून गोलाचे कोपरे छाटायचे, मग दट्ट्याच्या चालीने गुणायचं; चाल सोळा अंगुळं. काहीही न ओतता मिस्त्रीचे तेराच शेर आले. सुंदररावांनी तेव्हा कुठे उत्तरेश्वराला काढून घेतलेलं बाजारातलं माप परत दिलं.

पुढे त्याचे दिवस बरे गेले. सारजाबाईच्या हातचं खाऊन अंग सुटत गेलं, आणि अंगाबरोबर कडं. दर वर्षी गिरणीच्या पूजेला सुंदरराव त्याचा सदरा वर करायला लावत आणि पोटावर अंगुळं टाकून आपलं इंजन मोजत. घाटनांदूरचं इंजन होतं तिथेच राहिलं, वडगावचं वाढत गेलं. रुंदीची गंमत ही, की ती दोनदा गुणली जाते. कडं थोडंसं रुंद झालं तरी पोट भसाभस वाढतं. बारावरून ते सतरा अंगुळांवर गेलं त्या वर्षी सुंदररावांनी मिस्त्रीच्या रीतीने हिशेब मांडला, दोनदा मांडला, आणि उत्तरेश्वराला मिठी मारली.

सव्वीस शेर भरले होते. म्हणजे त्या दुपारी उत्तरेश्वर खोटं बोललाच नव्हता. जरा लवकर बोलला होता, एवढंच.